चार्ज मुरायला वेळ द्या: फोनच्या चार्जिंगचा वेग कधी घ्यावा, कधी आवरावा

चार्जर आणि फोन यांच्या मधे जोडायचा एक छोटा यूएसबी मीटर मिळतो. अंगठ्याएवढा असतो. किती व्होल्ट, किती अँपिअर, किती वॅट चालले आहेत ते त्याच्या पडद्यावर सतत दिसत राहतं. मी तो पहिल्यांदा लावला तेव्हा फोन १२ टक्क्यांवर होता आणि चार्जर २५ वॅटचा. सुरुवातीला आकडा २३ वॅटच्या आसपास होता. पन्नास टक्के ओलांडल्यावर तो उतरू लागला, ऐंशीला पोचेपर्यंत १० वॅटच्या खाली आला, आणि ९५ च्या पुढे जेमतेम २ वॅट उरले. चार्जर तोच, केबल तीच, भिंतीतला प्लगही तोच. वेग कमी केला तो फोनने.

म्हणजे सगळा वेळ एकाच वेगाने भरणं बॅटरीला सोसत नाही, हे फोनला ठाऊक असतं. तो शेवटच्या टप्प्यात जे करतो ते आपणही रोजच्या सवयीत करू शकतो. घाई असेल तेव्हा खुशाल वेग घ्यावा. फोन सात तास उशाशी पडून राहणार असेल तर मात्र त्या वेगाचं काहीच काम नसतं, आणि त्याची किंमत तेवढी बॅटरी मोजत राहते.

आत काय घडतं

आपल्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची. सोनीने ती १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आत दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. एक तांब्याच्या पातळ पत्र्याची, तिच्यावर ग्राफाइटचा लेप. दुसरी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, तिच्यावर लिथियम आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचा लेप. दोघींच्या मधे सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं एका द्रवात भिजवून पाकिटात बंद केलेलं.

फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ऑक्साइडमधून निघतात, द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटमध्ये शिरतात. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच, कार्बनचे एकावर एक रचलेले पापुद्रे. हे पापुद्रे पूर्ण भरतात तेव्हा कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक अणू बसलेला असतो. फोन वापरताना हेच आयन माघारी येतात. बॅटरी भरते आणि उतरते म्हणजे ही ये-जा चालते.

आता गंमत अशी की पापुद्र्यांत शिरायला वेळ लागतो. झाडाच्या कुंडीत पाणी घालताना आठवा. धार बारीक असली तर पाणी मातीत मुरत जातं. तेच पाणी एकदम ओतलं तर वर तळं साचतं. बॅटरीतही असंच होतं. आयन ज्या वेगाने येऊन धडकतात त्या वेगाने आत मुरले नाहीत, तर ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच लिथियमचा धातू साचू लागतो. कुंडीतलं तळं थोड्या वेळाने जिरतं तरी. या साचलेल्या धातूचा काही भाग पुन्हा कामाला येतो, पण बाकीचा कायमचा बाद होतो, आणि तेवढी बॅटरीची क्षमता गेली ती गेलीच. फार साचला तर त्याला सुईसारखे कोंब फुटतात आणि ते मधल्या पडद्यालाही धोका करू शकतात.

मीटरवरचा उतरता आकडा आता उलगडतो. बॅटरी रिकामी असताना पापुद्र्यांत जागा भरपूर असते, म्हणून सुरुवातीला जोरात भरलं तरी चालतं. जागा कमी होत जाते तसा आयनांना शिरायला वेळ लागतो, म्हणून फोन धार बारीक करतो. तांत्रिक भाषेत पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवतात. पेशीचा, म्हणजे बॅटरीच्या आतल्या एका घटकाचा, दाब (व्होल्टेज) ठरलेल्या मर्यादेला पोचला की मग दाब स्थिर धरून प्रवाह कमी कमी होऊ देतात. ही मर्यादा पूर्वी ४.२ व्होल्ट असायची. आताच्या बऱ्याच फोनमध्ये ती ४.४ च्या पुढे गेली आहे, कारण तेवढ्याच जागेत जास्त चार्ज बसवायचा असतो. थंडीत हे मुरणं आणखी मंदावतं. म्हणूनच शून्य अंशाखाली चार्जिंग करू नये असं सांगतात, आणि फोन फार गार पडला असेल तर तो स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो.

दुसरं नुकसान, आणि ते जास्त नेमाने होतं

साधारण वापरात मला याहून मोठा शत्रू वाटते ती उष्णता. ग्राफाइटवर अगदी पहिल्या चार्जिंगपासून एक अतिसूक्ष्म थर बसतो. आतला द्रव ग्राफाइटला लागून विघटित होतो, त्यातून तो तयार होतो. हा थर हवाच असतो, कारण तो पुढचं विघटन रोखून धरतो. पण पूर्णपणे नाही. थर हळूहळू जाड होत राहतो आणि दरवेळी थोडं लिथियम गिळतो. बॅटरी गरम असेल आणि काठोकाठ भरलेली असेल तर ही वाढ झपाट्याने होते. खणात नुसता पडून राहिलेला फोनसुद्धा म्हातारा होतो तो यामुळेच.

वेगाचा आणि उष्णतेचा संबंध साधा आहे, पण त्याचा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो. बॅटरीला स्वतःचा थोडा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, असतो. समजा तो ०.०५ ओहम आहे. ५ अँपिअरने चार्ज केलं तर त्या रोधात ५ गुणिले ५ गुणिले ०.०५, म्हणजे १.२५ वॅट उष्णता निघते. प्रवाह निम्मा, म्हणजे २.५ अँपिअर केला तर उष्णता निम्मी होत नाही, चौथ्यावर येते: साधारण ०.३१ वॅट. चार्ज व्हायला वेळ दुप्पट लागतो हे धरूनही एकूण उष्णता निम्मीच निघते, आणि ती दुप्पट वेळात पसरल्यामुळे फोनच्या अंगातून सहज बाहेर जाते. हात लावला तर फोन कोमटसुद्धा लागत नाही.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते जी कुणी फारसं सांगत नाही. बॅटरी जुनी होते तसा हा अंतर्गत रोध वाढतो. जो वेग नव्या फोनला सोसत होता तोच वेग तीन वर्षांच्या फोनला जास्त तापवतो. म्हणून फोन जुना झाला की त्याला जास्त सांभाळून भरावं. आपण बहुतेक उलटं करतो. बॅटरी टिकेनाशी झाली की दिवसातून दोनदा, तेही वेगाने, चार्जिंगला लावतो.

तिसरी गोष्ट भरलेपणाची. शंभर टक्क्यांजवळ पेशीचा दाब सर्वांत जास्त असतो आणि त्या दाबाखाली दोन्ही बाजूंच्या रासायनिक कुरबुरी वाढतात. ही अवस्था दहा मिनिटं असली तर फरक पडत नाही. रोज रात्री सहा तास, उशीखाली किंवा पांघरुणात, अशी असेल तर पडतो.

आता न्यायाची बाजूही सांगायला हवी. फास्ट चार्जिंग म्हणजे बॅटरीचा खून, असं जे बोललं जातं ते खरं नाही. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. तिला ६७ वॅटने भरायचं म्हणजे कागदोपत्री वीस मिनिटांच्या आत भरण्याचा वेग झाला. पण एवढ्या वेगाचे बरेच फोन आत एकाऐवजी दोन पेशी वापरतात, म्हणजे प्रवाहाचा ताण विभागला जातो. व्होल्टेज कमी-जास्त करण्याचं, उष्णता करणारं बरंचसं काम ते चार्जरमध्येच उरकतात, आणि बॅटरीचं तापमान सतत मोजून वेग कमी-जास्त करतात. खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडाही सुरुवातीच्या थोड्या मिनिटांपुरता असतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार फोनच्या बॅटरीत ८०० फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. एक फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज ६० आणि उद्या ४० टक्के वापरले तर मिळून एक. अॅपल तर आयफोन १५ पासून १००० फेऱ्यांचा दावा करतं, त्याआधीच्या फोनसाठी तो ५०० चा होता. तेव्हा घाईत फोन वेगाने भरताना जीव टांगणीला लावायचं कारण नाही. मी स्वतः बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं असली तर सर्वांत वेगवान चार्जरच लावतो. तेव्हा बॅटरी रिकामी असते आणि वेग सोसण्याची ताकद तिच्यात सर्वांत जास्त असते.

वेग आवरायचा कुठून

सगळ्यात सोपा उपाय चार्जरमध्ये आहे. इथे एक गैरसमज दूर करतो: चार्जर फोनमध्ये वीज ढकलत नाही. यूएसबीच्या पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर सांगतो, माझ्याकडे अमुक व्होल्टला अमुक अँपिअर आहेत. त्यातलं किती घ्यायचं ते फोन ठरवतो. म्हणून लॅपटॉपचा १०० वॅटचा चार्जर २५ वॅटच्या फोनला लावला तरी फोन आपल्या पेल्यात मावेल तेवढंच घेतो. उलट बाजूने पाहिलं तर चार्जर जे देऊच शकत नाही ते फोन मागू शकत नाही. ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा साधा जुना चार्जर जास्तीत जास्त १० वॅट देतो. त्याच्यावर ५००० एमएएचचा फोन पूर्ण भरायला अडीच-तीन तास लागतात. ५ वॅटचा असेल तर पाच-सहा तास. रात्र त्याहून मोठी असते.

असा जुना चार्जर खणात पडलेला असेल आणि धड अवस्थेत असेल, तर त्याला पलंगाशेजारी कायमची जागा द्या आणि वेगवान चार्जर पिशवीत किंवा कामाच्या टेबलावर ठेवा. वेग आवरण्याचा मला माहीत असलेला हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. त्यात विसरायला काही नाही आणि कुठलं अॅपही लागत नाही. कित्येक कंपन्यांचे ८०-१०० वॅटचे फोन त्यांच्या स्वतःच्याच चार्जरशी पूर्ण वेगाने बोलतात; दुसऱ्या कुणाचा साधा चार्जर लावला की बरेचसे मुकाट्याने सावकाश भरू लागतात. तोच गुण इथे उपयोगी पडतो. फक्त वेग कमी करायला म्हणून तुटकी किंवा स्वस्तातली पातळ केबल वापरू नका. तिथे वेग कमी होतो तो केबल आणि पिन तापून, आणि जळालेला पोर्ट दुरुस्त करणं बॅटरी बदलण्याइतकंच त्रासाचं असतं. कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी पोर्टचाही नाद सोडा. तो अर्ध्या अँपिअरचा, म्हणजे अडीच वॅटचा. पडदा चालू असेल तर तेवढं फोन जागच्या जागी खाऊन टाकतो.

दुसरा मार्ग सेटिंगचा. सॅमसंगच्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘फास्ट चार्जिंग’ आणि ‘सुपर फास्ट चार्जिंग’ यांची वेगवेगळी बटणं असतात. रात्रीपुरती बंद करता येतात, पण मी पाहिलंय की चार दिवसांनी माणूस कंटाळतो. आयफोनमध्ये वेगाचं असं बटणच नाही. तिथे वेग चार्जरवरूनच आवरावा लागतो.

वेगाइतकीच, कदाचित जास्तच, उपयोगाची आहे ती मर्यादा. आयफोन १५ आणि पुढच्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं, आणि आयओएस १८ पासून ८०, ८५, ९०, ९५ असे टप्पे निवडता येतात. सॅमसंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’ आहे, गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही ८० टक्क्यांची मर्यादा आली आहे. याशिवाय तुमची उठण्याची वेळ ओळखून रात्री ८० वर थांबायचं आणि उठायच्या सुमारास शंभर करायचं, ही सोय बहुतेक मोठ्या कंपन्या देतात. अॅपलने ती २०१९ मध्ये आयओएस १३ सोबत आणली. पिक्सेलमध्ये तिचं नाव ‘अडॅप्टिव्ह चार्जिंग’. ती मात्र रोज साधारण ठरलेल्या वेळी उठणाऱ्यांना नीट लाभते. पाळीच्या कामामुळे झोपेची वेळ बदलत असेल तर फोनचा अंदाज चुकतो.

ऐंशीची मर्यादा सगळ्यांनीच ठेवावी असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षांनी बॅटरीची २० टक्के क्षमता जाईल या भीतीने आजच ती २० टक्के सोडून द्यायची, आणि संध्याकाळी फोन बंद पडला म्हणून धावाधाव करायची, यात काय मिळवलं? दिवसाअखेर तुमच्याकडे ३०-४० टक्के उरत असतील तर मर्यादा ठेवा, ती जाणवणारही नाही. बॅटरी पुरतच नसेल तर खुशाल शंभर करा, फक्त शंभरावर तासन्‌तास राहणार नाही एवढं पाहा. मर्यादा ठेवलेला फोन अधूनमधून स्वतःहूनच शंभरापर्यंत गेला तरी घाबरू नका. आयफोन टक्क्यांचा अंदाज बरोबर राहावा म्हणून मुद्दाम तसं करतो.

अँड्रॉइडची खोलवर माहिती असलेले लोक आणखी पुढे जातात. अँड्रॉइड ज्या लिनक्सवर उभं आहे त्यात बॅटरीच्या नोंदी साध्या फायलींच्या रूपात दिसतात. कित्येक फोनमध्ये त्यांत ‘कॉन्स्टंट चार्ज करंट मॅक्स’ अशा अर्थाच्या नावाची एक फाइल सापडते, आणि तिच्यात चार्जिंगच्या प्रवाहाची कमाल मर्यादा मायक्रोअँपिअरमध्ये लिहिलेली असते. २०००००० असा आकडा असेल तर त्याचा अर्थ २ अँपिअर. फोन रूट केलेला, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवलेला असेल तर हा आकडा बदलता येतो आणि हे काम आपोआप करणारी साधनंही आहेत. पण रूट केल्याने वॉरंटी धोक्यात येते, बँकेची अॅप अडून बसतात, आणि काही फोन तो आकडा पुन्हा आपल्या मनाप्रमाणे करून ठेवतात. ज्याला फोनशी खेळण्याची मनापासून आवड आहे त्याने जरूर करावं. निव्वळ बॅटरी जपायची असेल तर १० वॅटचा चार्जर तेच काम करतो.

फोन तापतो ते प्रसंग

वेग कमी केला आणि फोन उन्हात ठेवला, तर केलेलं सगळं वाया. काच बंद असलेल्या गाडीत, पुढच्या काचेजवळ नकाशा चालू ठेवून चार्जिंग करणं हा बॅटरीसाठी सर्वांत वाईट प्रसंग: वरून ऊन, आतून प्रोसेसर, खालून चार्जर. अशा वेळी फोन एसीच्या झोताजवळ लावा. अॅपल आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं सांगतं, आणि तो फार तापला तर ८० टक्क्यांपुढे चार्जिंग रोखून धरतो. तसं झालं तर ती बिघाडाची खूण समजू नका.

चार्जिंगला लावून गेम खेळण्याचंही तसंच. काही फोनमध्ये, विशेषतः गेमिंगसाठी बनवलेल्या, चार्जरची वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोन चालवायला देण्याची सोय असते. तुमच्या फोनमध्ये असेल तर तासभर खेळताना ती चालू ठेवा. नसेल तर निदान जाड कव्हर काढून ठेवा. वायरलेस चार्जिंगमध्ये काही ऊर्जा वाटेतच उष्णता होऊन जाते आणि ती नेमकी फोनच्या पाठीला लागते. सोयीचं आहे, पण तबकडीवर फोन जरा तिरका बसला तरी उष्णता वाढते. त्यामुळे चुंबकाने जागेवर बसणारी तबकडी त्यातल्या त्यात बरी.

रात्रभर लावल्यामुळे बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होऊन फुटेल ही भीती मात्र सोडून द्या. भरली की फोन चार्जिंग तोडतो. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी हा सल्लाही निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांचा आहे, लिथियमला तो उलटा बाधतो. २० ते ३० टक्क्यांवर आली की लावावी, थोडं थोडं भरलं तरी काही बिघडत नाही.

माझ्या एका जुन्या फोनची मागची बाजू एके दिवशी एका कोपऱ्यातून उचललेली दिसली. नखाएवढी फट होती. मला वाटलं गोंद सुटला, आणि मी ती दाबून पुन्हा चार्जिंगला लावला. आठवडाभरात पडदाही वर आला. तो फोन मी वर्षभर रोज रात्री वेगवान चार्जरवर, गादीवर ठेवून भरत होतो. बॅटरी फुगते ती आतला द्रव विघटित होऊन वायू धरल्यामुळे. फट दिसली, पडदा उचलल्यासारखा वाटला किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुलू लागला, तर त्या क्षणापासून चार्जिंग हळू की वेगाने हा प्रश्नच उरत नाही. चार्जर काढा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, जळतील अशा वस्तूंपासून लांब ठेवा आणि बॅटरी बदलणाऱ्या जाणकाराकडे न्या.